पाणी, आहार आणि स्वमग्नता : संशय, पुरावा आणि आपली जबाबदारी

मागच्या उन्हाळ्यात एक पालक शाळेत आले. हातात एक लिटरची प्लास्टिकची बाटली आणि तिच्यात घरच्या बोअरचे पाणी. त्यांचा साडेचार वर्षांचा मुलगा बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, तासन् तास खेळण्यातल्या गाडीचे चाक फिरवत बसतो. मोठ्या शहरातील डॉक्टरांनी त्याला 'स्वमग्नता', म्हणजे ऑटिझम, असल्याचे सांगितले होते. बाटली टेबलावर ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, या पाण्यानंच त माह्या पोराची वाचा नाई गेली ना?"

कुणीतरी त्यांना सांगितले होते की हा सगळा शरीरातील 'विषाचा' परिणाम आहे. म्हणून चार महिन्यांपासून मुलाचे दूध आणि गव्हाची पोळी बंद होती. मुलगा वाळला होता. घरात मुलाच्या आईला रोज एकच प्रश्न विचारला जात होता, "पोटात असताना तू काय खाल्लं होतंस?"

या बाटलीने आम्हा विज्ञान शिक्षकांना अभ्यासाला बसवले. पाणी आणि आहार यांचा मेंदूशी संबंध असतो का? स्वमग्नतेशी असतो का? आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील पाण्यात असे काही आहे का? वाचून जे समजले ते या लेखात क्रमाने मांडत आहोत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी तो धडा म्हणून वाचावा, पालकांनी घरातील गोष्ट म्हणून वाचावा.

१. स्वमग्नता म्हणजे काय?

1943 साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत रमत, तीच कृती पुन्हा पुन्हा करत आणि ठरलेल्या क्रमात थोडा बदल झाला तरी अस्वस्थ होत. तेव्हापासून या अवस्थेला वेगळे नाव मिळाले. याचा अर्थ अशी मुले त्यापूर्वी नव्हती असा नाही. आपल्याकडेही त्यांना 'मुका', 'येडा' किंवा 'आपल्याच तंद्रीतला' म्हणून बाजूला बसवले जात असे.

स्वमग्नता हा संसर्गाने पसरणारा रोग नव्हे. मेंदूची वाढ वेगळ्या रीतीने होणे, असे तिचे स्वरूप आहे. बोलणे, नजर मिळवणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे अशा मुलांना कठीण जाते. आवाज, स्पर्श, चव यांचा त्रास इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी होतो. काहींना शाळेत थोडीच मदत लागते, काहींना आयुष्यभर आधार लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात दर 127 माणसांमागे एक जण स्वमग्न होता. आपल्या देशात पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद येथील 2 ते 9 वर्षांच्या 3,964 मुलांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या वाढीशी संबंधित कोणती ना कोणती अडचण साधारण दर आठ मुलांमागे एकाला आढळली. स्वमग्नता ही त्यांपैकी एक.

कारणांचा विचार करता सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील वीस लाख मुलांच्या नोंदींवरून 2019 मध्ये हा वाटा सुमारे 80 टक्के काढला गेला. एकच जनुक मात्र जबाबदार नाही. अनेक जनुकांचे लहान-मोठे फरक एकत्र येतात. उरलेल्या भागात गर्भावस्थेतील काही गोष्टी येतात. गर्भवतीला रुबेला झाल्यास मुलात स्वमग्नतेची शक्यता वाढते, हे 1971 मध्येच दिसून आले होते. अपस्माराच्या व्हॅलप्रोएट या औषधाचाही असा संबंध दिसला आहे. (असे औषध चालू असलेल्या महिलेने ते स्वतःहून बंद करू नये. गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावे.)

२. शरीरातील रसायन मेंदूपर्यंत पोहोचते का?

पोहोचते, यात शंका नाही. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण मिठाचे. अन्नात आयोडीन कमी पडले की गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला तिचा स्राव पुरेसा तयार करता येत नाही. गर्भातील बाळाच्या मेंदूला हा स्राव हवाच असतो. तो फारच कमी पडला तर मूल बहिरे, मुके आणि मतिमंद होऊ शकते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघरी दिसत असे. तेथे 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनयुक्त व काही गावांना साधे मीठ देऊन तुलना केली. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या गावांत गलगंड स्पष्टपणे कमी झाला. 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या स्वयंपाकघरात जे मीठ आहे त्यामागे ही तुलना आहे.

दुसरे उदाहरण नॉर्वेचे. एका आईची दोन्ही मुले मंदबुद्धी होती आणि त्यांच्या अंगाला व लघवीला विचित्र वास येत असे. ती डॉक्टरांमागून डॉक्टरांकडे गेली, कुणी लक्ष दिले नाही. 1934 मध्ये अस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी तिचे म्हणणे मनावर घेतले. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकताच ती हिरवी झाली. अन्नातील फिनाइलअलनिन हे अमिनो आम्ल या मुलांच्या यकृताला मोडता येत नव्हते. ते साठून मेंदूला इजा करत होते. या विकाराला फिनाइलकीटोनुरिया म्हणतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल यांनी एका लहान मुलीला फिनाइलअलनिन कमी असलेला आहार दिला आणि 1953 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तिच्यात सुधारणा दिसली. त्या आहारात गुपचूप फिनाइलअलनिन मिसळले तेव्हा ती पुन्हा बिघडली, ते काढले तेव्हा पुन्हा सुधारली. पुढे अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखण्याची चाचणी काढली. उपचार न मिळालेल्या अशा मुलांपैकी काहींत स्वमग्नतेची लक्षणेही दिसतात.

म्हणजे आहार आणि मेंदू यांचा संबंध आहे, आणि एका दुर्मीळ विकारात तर पथ्याने मूल वाचते. पण या दोन्ही उदाहरणांत काय घडले ते नीट पाहा. नेमका पदार्थ सापडला. तो मोजता आला. तो दिला किंवा काढला की बदल झाला आणि दुसऱ्यांनी करून पाहिले तरी तेच दिसले. या चार पायऱ्या विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवाव्यात. पुढे त्यांच्यावरच सगळे पारखायचे आहे.

३. आपल्या भागाचे पाणी

पांढुर्ण्याकडे पायाखाली मुख्यतः दख्खनचा काळा बेसाल्ट खडक आहे. सौंसरकडे त्याहून फार जुने खडक उघडे पडतात. भूगर्भशास्त्रात या खडकांच्या मालिकेला 'सौंसर' हेच नाव आहे. आपल्या गावाचे नाव जगभरच्या भूगर्भाच्या पुस्तकांत आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? याच मालिकेत मँगनीजचे साठे आहेत आणि हा पट्टा नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत जातो. छिंदवाड्यातील सितापार गावात सापडलेल्या एका मँगनीज खनिजाला एल. एल. फर्मोर यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला 'सितापाराइट' नाव दिले होते. पुढे ते बिक्सबाइट असल्याचे ठरले.

बोअरचे पाणी खडकाच्या भेगांतून येते, म्हणून खडकातले थोडे पाण्यात उतरते. तीन पदार्थांकडे लक्ष द्यायला हवे.

फ्लोराइड : केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत मध्यप्रदेशातील ज्या जिल्ह्यांत काही ठिकाणी फ्लोराइड जास्त आढळले त्यांत छिंदवाडा आहे. पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये त्यातूनच वेगळा झाला. भारतीय मानक 10500 प्रमाणे फ्लोराइड एका लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसल्यास 1.5 पर्यंत चालते. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे प्याल्यास दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे वाकतात. मंडला जिल्ह्यातील तिलईपानी गावच्या मुलांचे वाकलेले पाय याच कारणाने अभ्यासाचा विषय झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने 2024 मध्ये असा निष्कर्ष काढला की 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या ठिकाणी मुलांचा बुद्ध्यंक कमी आढळतो.

मँगनीज : शरीराला हे थोडे लागते, जास्त झाले तर मज्जासंस्थेला बाधते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात विहिरीचे पाणी पिणाऱ्या 362 मुलांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त मँगनीज असलेल्या गटाचा बुद्ध्यंक सर्वांत कमी असलेल्या गटापेक्षा सरासरी 6.2 गुणांनी कमी होता. भारतीय मानकात मर्यादा 0.1 मिलिग्रॅम आहे, पर्याय नसल्यास 0.3. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 0.08 ही मर्यादा सुचवली. भांड्यांवर, कपड्यांवर काळपट डाग आणि नळाच्या आत काळा थर दिसत असेल तर पाणी तपासावे. तांबूस डाग बहुधा लोहाचे असतात.

नायट्रेट : हे खडकातून कमी आणि माणसाच्या हातून जास्त येते. संत्र्याच्या बागेला, कपाशीला दिलेला युरिया, शेणखताचे ढीग, बोअरजवळचा शौचखड्डा ही त्याची उगमस्थाने. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते.

या तिन्हींचा मुलांच्या आरोग्याशी संबंध आहे. पण यांपैकी कोणत्याही पदार्थाने स्वमग्नता होते, असे वरच्या चार पायऱ्यांवर सिद्ध झालेले नाही.

४. पाणी आणि स्वमग्नता : तीन ठिकाणचे शोध

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात ब्रिक नावाचे गाव आहे. आपल्या गावात स्वमग्न मुले फार आहेत, असे तेथील पालकांना वाटले. त्यांच्या आग्रहावरून 1998 मध्ये सरकारी संस्थांनी तपास सुरू केला. 3 ते 10 वर्षांच्या मुलांत प्रमाण हजारी 6.7 निघाले. त्या काळाच्या मानाने ते जास्त होते. मग पिण्याचे पाणी, नदी आणि कचऱ्याचे आगर तिन्ही तपासले. त्यांतील रसायनांचा स्वमग्नतेशी संबंध असण्याची शक्यता दिसली नाही. पुढे इतरत्रही बारकाईने मोजणी झाली तेव्हा तशीच आणि त्याहून मोठी संख्या आढळू लागली. जिथे नीट शोधले तिथे मुले सापडली.

दुसरे ठिकाण आपल्या देशातले. पंजाबच्या मालवा भागात (हा आपल्या इंदूर-उज्जैनचा माळवा नव्हे) फरीदकोट येथील विशेष मुलांच्या केंद्रातील मुलांच्या केसांचे नमुने जर्मनीतील प्रयोगशाळेत पाठवले गेले. 2009 मध्ये अहवाल आला. केसांत युरेनियम जास्त होते. त्या मुलांत स्वमग्न आणि मेंदूचा पक्षाघात असलेली मुले होती. देशभर खळबळ उडाली. त्या भागाच्या भूजलात अनेक ठिकाणी युरेनियम मर्यादेबाहेर असल्याचे पुढच्या तपासण्यांतही दिसले. ही चिंतेचीच बाब आहे, कारण युरेनियम मूत्रपिंडाला बाधते. पण केसात युरेनियम सापडणे आणि त्यानेच मूल स्वमग्न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेच पाणी पिणाऱ्या शेजारच्या धडधाकट मुलाच्या केसात किती आहे, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

तिसरा शोध डेन्मार्कचा, 2023 चा. पाण्यात नैसर्गिकपणे लिथियम असते. 8,000 हून अधिक स्वमग्न मुले आणि 40,000 हून अधिक इतर मुले यांच्या आया गर्भारपणी कोठे राहत होत्या आणि तेथील पाण्यात लिथियम किती होते, हे पाहिले गेले. सर्वांत जास्त लिथियमच्या भागात शक्यता सुमारे 46 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आकडा ऐकून घाबरायला होते, म्हणून गणित करू. समजा, कमी लिथियमच्या गावात 1,000 पैकी 10 मुले स्वमग्न आहेत, तर जास्त लिथियमच्या गावात ती 14-15 असतील. उरलेली 985 तेच पाणी पिऊन स्वमग्न नाहीत. आणि हा 'संबंध' आहे, 'कारण' नव्हे. पुढील संशोधनाला दिशा दाखवणे हेच त्याचे मोल.

५. संबंध आणि कारण

पोळ्याच्या दिवसांत पाऊस पडतो, म्हणून बैल सजवल्याने पाऊस येतो असे कुणी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी श्रावणात येतात, इतकेच. शास्त्रातही अशी चूक होते. गर्भारपणी पॅरासिटामॉल घेतल्याने स्वमग्नता होते, अशी चर्चा सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या घोषणेनंतर जगभर झाली. स्वीडनमध्ये जवळपास 25 लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास त्याआधीच, 2024 मध्ये, प्रसिद्ध झाला होता. साध्या तुलनेत थोडा संबंध दिसला. पण एकाच आईच्या दोन मुलांची, एकाच्या वेळी औषध घेतले आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी तुलना केली तेव्हा तो संबंध उरला नाही. सख्ख्या भावंडांची तुलना ही किती नामी युक्ती आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. घर तेच, आई तीच, पाणीही बहुधा तेच.

लशीचेही असेच झाले. 1998 मध्ये इंग्लंडमधील एका लेखाने गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडला. तो अवघ्या 12 मुलांवर आधारलेला होता. त्यातील अप्रामाणिकपणा उघड झाल्यावर 2010 मध्ये लेख मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासल्या, 2019 मध्ये निष्कर्ष आला, संबंध नाही. उलट रुबेलाची लस गर्भातल्या बाळाला स्वमग्नतेच्या एका सिद्ध कारणापासून वाचवते.

संशय आणि पुरावा यांतील अंतर आपल्या जिल्ह्यांनी तर फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात परासिया भागातील लहान मुलांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागली. अनेकांना नागपूरला हलवले. वीसहून अधिक लेकरे गेली. बहुतेक छिंदवाड्याची, काही बैतूलची, आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातही एका घरी हा आघात झाला. तेव्हा संशय पाण्यावरही होता. पाण्याचे नमुने घेतले गेले, डासांचे घेतले गेले. शेवटी दोष खोकल्याच्या सिरपमध्ये सापडला. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य 48.6 टक्के निघाले. केवळ पाण्यावर संशय घेऊन सगळे थांबले असते तर ती बाटली घरोघरी तशीच राहिली असती. तपासणी पुढे नेली म्हणून खरे कारण हाती आले.

६. आहाराचे काय?

गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन बंद केले की स्वमग्न मूल सुधारते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. काटेकोर तुलना केलेल्या लहान प्रयोगांत मात्र वागणुकीत ठोस फरक दिसलेला नाही. आपल्या भागात एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्वारीत ग्लुटेन नसते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या ताटात रोज भाकरी होती, पोळी सणावाराला. ग्लुटेन हेच कारण असते तर भाकरी खाणाऱ्या घरांत असे मूल जन्मलेच नसते.

भाकरी खाल्ल्याने कुणाचे बिघडत नाही, तेव्हा गहू सोडणाऱ्याचे फारसे नुकसान नाही. दूध सोडणे मात्र सोपे नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलांची हाडे वयाच्या मानाने बारीक आढळली आणि केसीन बंद असलेल्या मुलांत हा फरक अधिक होता. दूध खरोखर सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून नाचणी, तीळ, डाळी यांतून कॅल्शियम व प्रथिने भरून काढावी लागतात.

या मुलांच्या आहारात वेगळाच प्रश्न असतो, तो आवडीचा. वास, रंग, कुरकुरीतपणा यांविषयी ती इतकी हळवी असतात की दोन-तीन पदार्थांवरच जगतात. कुणी फक्त बिस्किटे, कुणी फक्त पांढरा भात. अशा मुलांना क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. हिरड्यांतून रक्त येते, पाय दुखतात, मूल चालेनासे होते. संत्र्याच्या गावात एखाद्या मुलाला स्कर्व्ही व्हावा यासारखी लाज नाही! म्हणून फोड खात नसेल तर रस द्यावा, रस घेत नसेल तर लिंबू वरणात पिळावे, आवळा किसून भातात मिसळावा. बद्धकोष्ठ आणि पोटदुखीही या मुलांत पुष्कळदा असते. बोलता येत नसल्याने ते किंचाळतात, डोके आपटतात. पोटावर इलाज झाला की चिडचिड कमी होते आणि लोकांना वाटते की 'आहाराने स्वमग्नता गेली'. स्वमग्नता जात नाही. दुखणे जाते. तेही काही कमी नाही.

गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेणाऱ्या मातांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण कमी आढळल्याचे नॉर्वेतील 85,000 हून अधिक मुलांच्या अभ्यासात 2013 मध्ये दिसले. हाही संबंधच आहे. पण ही गोळी बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी निश्चितच हितकारक आहे आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती घ्यावी.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहावे. शरीरातील धातू बाहेर काढण्याच्या नावाखाली चिलेशनची औषधे टोचली जातात. 2005 मध्ये अमेरिकेत अशा उपचाराने पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दगावला. रक्तातील कॅल्शियम एकदम उतरून त्याचे हृदय बंद पडले.

७. आईला दोष नको

मागील पिढीत परदेशातील काही मोठ्या तज्ज्ञांनी स्वमग्नतेचा दोष आईच्या 'थंड' स्वभावावर ठेवला होता. बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 च्या पुस्तकात त्याचे खंडन केले. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. आज तोच दोष वेगळ्या वेशात येतो. काय खाल्लेस, कोणते पाणी प्यालीस, कोणती गोळी घेतलीस. पुरावा नसताना असा प्रश्न विचारणे म्हणजे जी बाई मुलासाठी सर्वांत जास्त राबते तिलाच आरोपी करणे होय.

८. मग करायचे काय?

पाणी तपासावे, पण ते सर्वांसाठी. पीएचई विभागाच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. जल जीवन मिशनमध्ये गावातील महिलांना तपासणी पेटी वापरायला शिकवण्याची योजना आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, बोअरचे व हातपंपाचे पाणी तपासून अहवाल शाळेच्या फलकावर लावावा. फ्लोराइड जास्त निघाल्यास पाण्याचा स्रोत बदलणे सर्वांत उत्तम. तसे शक्य नसेल तर तुरटी व चुना वापरण्याची नालगोंडा पद्धत आहे. ती नागपूरच्या नीरी संस्थेनेच शोधली.

मुलाला लवकर ओळखावे. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने दाखवत नसेल, आलेले शब्द हरवत असतील, तर 'मोठा झाला की बोलेल' म्हणून थांबू नये. आधी ऐकू येते का ते तपासावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. अंगणवाडी आणि शाळेत त्याचे पथक येते, पुढील तपासणीसाठी मुलाला जिल्हा पातळीवर पाठवले जाते. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. निरामय विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळू शकतो.

आणि शिकवावे. चित्रे दाखवून, दिवसाचा क्रम ठरवून, एका वेळी एकच सूचना देऊन. औषधाच्या बाटलीत जे मिळत नाही ते अशा रोजच्या शिकवण्यातून थोडे थोडे मिळते. वर्गातील मुलांनी त्याला खेळात घ्यावे, चिडवू नये. हा भाग शास्त्रज्ञांच्या हातात नाही, तो आपल्या शाळेच्या हातात आहे.

त्या बाटलीचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. पाणी तपासायला दिले. फ्लोराइड आणि मँगनीज मर्यादेत होते. नायट्रेट जास्त निघाले. मुलाच्या मौनाशी त्याचा संबंध नव्हता, पण घरात चार महिन्यांची धाकटी मुलगी होती आणि तिला वरचे दूध त्याच पाण्यात कालवून दिले जात होते. पाणी बदलले. मोठ्याचे दूध पुन्हा सुरू झाले. तो आता आमच्या शाळेत येतो. अजून बोलत नाही, पण तहान लागली की पाण्याच्या चित्रावर बोट ठेवतो. परवा त्याची आई शाळेत आली होती. तिला आता घरी तो प्रश्न कुणी विचारत नाही.

स्वाध्याय

1. आयोडीन आणि फिनाइलकीटोनुरिया या उदाहरणांत कारण सिद्ध करण्याच्या चार पायऱ्या कोणत्या? त्या फरीदकोटच्या उदाहरणाला लावून पाहा.
2. भावंडांच्या तुलनेने पॅरासिटामॉलविषयीचा निष्कर्ष का बदलला?
3. आपल्या घरच्या पाण्याचा स्रोत कोणता? त्याच्या शंभर पावलांच्या आत शौचखड्डा, उकिरडा किंवा खत टाकलेले शेत आहे का? नकाशा काढा.
4. पाणी उकळल्याने काय जाते आणि काय जात नाही?